‘बंदूक पडली होती का?’ : माझ्या स्कोपच्या वॉरंटीची गोष्ट

स्कोप, म्हणजे बंदुकीवरची नेम धरायची दुर्बीण, बदलून मिळाला एकदाचा. पण सर्व्हिस सेंटरने जो वात आणला, तो अजून डोक्यातून जात नाही.

माझी एअर रायफल स्प्रिंगची, .१७७ छर्ऱ्याची. स्कोपमधलं क्रॉसहेअर (नेमाची फुली) तिरकं झालं, भिंगाच्या आत काळे कण दिसायला लागले आणि झिरो, म्हणजे एकदा जुळवलेला नेम, टिकेना. तक्रार, बिल, कुरिअर सगळं सुरळीत. मग उत्तर आलं : आदळल्यामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही.

फोन लावला. “सर, बंदूक पडली होती का?” नाही हो. “मग एअर रायफलला असा कितीसा धक्का असतो?”

खोक्यावर ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ छापून हेच विचारतात! स्प्रिंगच्या जोराने आतला पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि तो हवा दाबत टोकाशी थांबला की बंदूक पुढे हिसकते. काडतुसाच्या रायफलचा दणका मोठा, पण मुख्यतः मागेच. म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही स्प्रिंगच्या बंदुकीवर खिळखिळा होऊ शकतो. फोनवर दर वेळी नवा माणूस, त्याला हे पुराण पहिल्यापासून, आणि शेवटी “वरिष्ठांना विचारून सांगतो.” एका महाभागाने तर “ऑलिंपिकवाले वापरतात तो घ्या” असा सल्ला दिला. अरे बाबा, २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेला कांस्य मिळालं त्या ५० मीटर प्रकारात रायफलवर दुर्बीण चालतच नाही!

शेवटी ईमेल टाकला : मार नेमका कुठे लागलाय, फोटो पाठवा. स्कोपच्या नळीला ना पोचा, ना ओरखडा. ते काय पाठवणार? नवा स्कोप मुकाट्याने आला.

स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू पिळून आवळू नका, नळी चेपली की सर्व्हिस सेंटरला आयतं निमित्त मिळतं. माउंटला (रिंगा बंदुकीवर बसवतात त्या पकडीला) स्टॉप पिन, म्हणजे अडवणारी खुंटी, हवीच, नाहीतर स्कोप मागे सरकत राहतो. तारेच्या क्रॉसहेअरपेक्षा काचेवर कोरलेलं बरं. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं : स्कोप आला की पहिल्याच दिवशी एक छर्रा मारा, मग नेम सरकवायची बटणं वर, उजवीकडे, खाली, डावीकडे तितकेच क्लिक फिरवून दर वेळी एकेक छर्रा मारा. शेवटचा छर्रा पहिल्याच्या जागी बसला नाही, तर तो निशाणाचा कागद बिलासोबत जपून ठेवा. आत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे भिंग पुसायला म्हणून स्कोप उघडायचा नाही. उघडलात की वॉरंटी गेली, मग भांडायलाही तोंड उरत नाही.