खालून वर वाचायचा दगड

एसटी चहाला थांबली की माझे पाय शेजारच्या देवळाकडे वळतात. आतल्या देवाला नमस्कार करायचा आणि बाहेर यायचं. खरा माल बाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. फुटके नंदी, दीपमाळेचे तुकडे आणि त्यांत एखादा तरी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, पायाशी आडवा पडलेला वीर. बाजूला गाई कोरलेल्या असल्या, तर गडी गोधन सोडवताना गेला असं समजायचं. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, शेजारी चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर याची कीर्ती राहणार. नाव मात्र बहुतेकदा कुठेच नाही! गावाला ते ठाऊकच होतं, कोरून सांगायचं कुणाला?

बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर चक्क वल्ह्यांच्या नौकांची लढाई आहे. शिलाहार घराण्याचा राजा सोमेश्वर आणि यादवांचा राजा महादेव यांची तेराव्या शतकातली झुंज ती, असं बरेच अभ्यासक मानतात.

गधेगाळाचा, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेल्या दगडाचा, मामला वेगळा. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख आणि खाली गाढवाचं आणि बाईचं असं चित्र, की आईबाप मुलांना घाईघाईने पुढे नेतात. दान दिलेल्या जमिनीला हात लावाल तर तुमच्या घरच्या बाईची ही गत, अशी ती शिवी. वाचता न येणाऱ्यालाही कळावी, ही सोय. अन्याय असा, की जमीन हडपणार पुरुष आणि शिव्या खाणार त्याची आई.

जाणकार शेंदरावर चिडतात, कारण थरांखाली कोरीव काम बुजतं. मला ते अर्धंच पटतं. ज्या वीराला शेंदूर लागला तो म्हसोबा झाला, आणि म्हसोबाला हात लावायची जेसीबीवाल्याची टाप नाही. ज्याला लागला नाही तो धुण्याच्या घाटावर गेला, नाहीतर रस्त्याच्या रुंदीकरणात मोरीखाली. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक किती दगडांना पुरणार? बाकीच्यांची भिस्त तेलावर आणि अमावास्येच्या नारळावर.

मागे एका वीरगळाचा फोटो काढताना तिथल्या आजींनी विचारलं, "नवस बोललायसा का?" मी बेधडक हो म्हटलं. "पावतोय बरं," आजी म्हणाल्या आणि माझ्याकडून अकरा रुपये ठेवून घेतले.