पहाटेच्या रामकुंडासाठी कॅमेरा

कार्तिकातल्या पहाटे सहाच्या सुमारास नाशिकच्या रामकुंडावर पुरेसा उजेड असतो, असे आपल्या डोळ्यांना वाटते. घाटावरचे दिवे जळत असतात, पाण्यावर त्यांचे लांबट पिवळे पट्टे हलत असतात आणि पंचा सावरत पायऱ्या उतरणाऱ्या माणसांचे चेहरेही ओळखू येतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र तो जवळजवळ अंधारच असतो, हे मला पदरचे पैसे मोजल्यावर समजले.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी माझा पहिला कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला, तो झूम पाहून. विक्रेत्याने दुकानाच्या दारात उभे करून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरे मला पडद्यावर वाचून दाखवली, तीसपट झूम म्हणजे काय ते समजावले, आणि मी पुढे काहीही न विचारता पैसे दिले. त्याने खोटे काही सांगितले नव्हते. मी या कॅमेऱ्याने कोणत्या वेळी आणि कशाचे फोटो काढणार आहे, हे त्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नव्हते. पुढच्याच आठवड्यात पहाटे रामकुंडावर काढलेल्या साठेक फोटोंपैकी एकही धड आला नाही. पायऱ्या स्थिर होत्या, दीपमाळ स्थिर होती, पण चालणारी माणसे धुरासारखी पुसट उमटली होती आणि सावलीतल्या भागात रवाळ कण माजले होते.

घरी येऊन फोटोंची माहिती उघडून पाहिली, तेव्हा कारण आकड्यांतच दिसले. ॲपर्चर (लेन्सचे भोक) एफ ३.५, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता, ती वाढवली की कणही वाढतात) ८००, शटर (उघडे राहण्याचा वेळ) १/८ सेकंद. सेकंदाच्या आठव्या भागात पायरी उतरणारा माणूस सहज चार बोटे पुढे सरकतो. कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाला ती थांबवू शकत नाही. पायऱ्या स्पष्ट आणि माणसे अस्पष्ट येण्याचे कारण एवढेच होते.

त्यानंतर मी जे वाचले आणि पडताळून पाहिले, त्यातून माझे एक मत तयार झाले आहे: आपण ज्या सर्वांत कमी उजेडात फोटो काढणार असू, तो उजेड डोळ्यांसमोर ठेवून कॅमेरा निवडावा. भर दुपारी गंगापूर धरणाच्या काठावर कोणताही कॅमेरा चांगला फोटो देतो. तिथे दोन कॅमेऱ्यांमधला फरक शोधत बसणे व्यर्थ आहे.

उजेड किती गोळा होणार, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार. माझ्या त्या झूम कॅमेऱ्यात १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर होता, ज्याचे प्रत्यक्ष माप सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, म्हणजे साधारण २८ चौरस मिलिमीटर भरते. 'एक इंची' म्हटला जाणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटर, चौपटीहून किंचित अधिक. (यातली कोणतीही बाजू एक इंच नाही, कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आसपासच आहे, जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास सांगण्याची जी पद्धत होती, तिचे हे उरलेले शेपूट आहे. ग्राहकाचा गोंधळ उडवण्याखेरीज त्याचा आज काही उपयोग नाही.) दुसरी गोष्ट म्हणजे लेन्सचे ॲपर्चर. एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितके भोक मोठे, आणि उजेडाचे प्रमाण त्या आकड्याच्या वर्गाच्या उलट बदलते. त्यामुळे एफ ३.५ ऐवजी एफ १.८ मिळाले, तर जवळजवळ चौपट उजेड आत येतो.

आता तीच पहाट पुन्हा मांडून पाहू. एफ १.८ मुळे १/८ चे शटर १/३० वर येते. सेन्सर चौपट मोठा असल्यामुळे आयएसओ ८०० वरून ३२०० वर नेला, तरी कण पूर्वीइतकेच दिसतात, आणि शटर १/१२५ वर पोहोचते. पायऱ्या उतरणारा माणूस १/१२५ मध्ये बऱ्यापैकी स्वच्छ थांबतो. घाट तोच, वेळ तीच, दिवेही तेच. झूमच्या आकड्याने या हिशेबात कुठेच मदत केली नाही. उलट बहुतेक लांब झूमच्या लेन्समध्ये झूम पुढे नेला की ॲपर्चर आणखी आवळत जाते आणि माझ्या कॅमेऱ्यात ते टोकाला एफ ६.४ होत होते.

झूमवर मी अन्याय करत नाही. निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला, ज्या पाणथळीला महाराष्ट्रातील पहिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा) २०२० मध्ये जाहीर झाला, तिथे हिवाळ्यात सकाळी आठनंतरच्या लख्ख उन्हात हाच कॅमेरा मला दूरचे पक्षी ओळखण्यापुरते तरी दाखवत असे, आणि एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा तिथे हात टेकतो. ज्यांना पक्षीच टिपायचे आहेत, त्यांनी माझा सल्ला बाजूला ठेवावा.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न घरातही विचारला गेला आणि तो रास्त आहे. चांगला मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांची सांगड घालतो, आणि स्थिर दृश्यात त्याचा रात्रीचा फोटो लहान सेन्सरच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यापेक्षा सरस येतो. काही मोबाइलमधला सेन्सर तर त्या कॅमेऱ्यापेक्षा मोठाही असतो. म्हणूनच छोट्या सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेरा केवळ 'कॅमेरा' म्हणून घेण्यात मला आता अर्थ दिसत नाही. जगभरात २०१० साली लेन्स न बदलता येणारे दहा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी विक्रीला पाठवले होते. २०२३ मध्ये ती संख्या वीस लाखांच्याही खाली होती. मोबाइलने जे गिळायचे ते गिळले आहे, आणि जे उरले आहेत त्यांत निवड करणे त्यामुळे उलट सोपे झाले आहे.

उरलेल्यांमध्ये मी पाहिले ते असे. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ चा कॅमेरा, एक इंची सेन्सर खिशात आणणारा. त्याची २०१४ ची तिसरी आवृत्ती २४ ते ७० मिलिमीटरच्या तोडीचा झूम, एफ १.८ ते २.८ ॲपर्चर आणि वर उचलून बाहेर येणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहण्याची खिडकी) देते. त्याच वर्षीचा कॅनन जी७ एक्स झूम १०० पर्यंत नेतो, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. रिको जीआर ३ मध्ये याहून बराच मोठा एपीएस-सी सेन्सर आहे आणि झूम अजिबात नाही, २८ मिलिमीटरच्या तोडीची एकच लेन्स. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेचे कॅमेरे मला सर्वांत देखणे वाटतात, परंतु ते खिशात मावत नाहीत आणि माझ्या खिशाला परवडतही नाहीत. हल्ली पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे जुने सीसीडी (जुन्या प्रकारच्या सेन्सरचे) कॅमेरे 'वेगळा रंग येतो' म्हणून चढ्या भावाने विकले जातात. कॉलेज रोडवरच्या मुलांनी हौसेने ते जरूर वापरावेत, पण पहाटेच्या कामाला ते अगदीच कुचकामी आहेत.

मी सोनीची ती तिसरी आवृत्ती जुनी घेतली. व्ह्यूफाइंडर हे निर्णायक कारण ठरले, कारण चैत्रातल्या दुपारी मागच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. जुना कॅमेरा घेताना मी तासभर बसून तपासणी केली आणि विकणाऱ्या गृहस्थांनी ती सोसली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. लेन्स दहा-बारा वेळा बाहेर काढून आत घेतली आणि कुठे अडखळते किंवा करकरते का, ते ऐकले. ॲपर्चर एफ ११ पर्यंत आवळून स्वच्छ आकाशाचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला, कारण सेन्सरवर धूळ असेल तर तिचे करडे ठिपके अशाच फोटोत उघडे पडतात, आणि या प्रकारच्या कॅमेऱ्यात लेन्स काढता येत नसल्याने ती धूळ घरी पुसताही येत नाही. मग टॉर्च लेन्सवर तिरका धरला, त्याने बरेच कळते: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर ती बुरशी समजावी. आपल्याकडे गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात असतो तेवढे दिवस कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा पांढरी पडते, तिथे लेन्सची काय कथा. माझा कॅमेरा जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो आणि दर रविवारी बाहेर येतो. बॅटरी लहान असते आणि जुनी तर निश्चितच थकलेली असते, म्हणून दुसरी बॅटरी ही चैन न मानता खर्चातच धरावी.

कॅमेरा हातात आल्यावर काय शिकावे, याबद्दल पुस्तकी क्रम बराच लांब आहे. मी वर्षभर कॅमेरा ॲपर्चर प्राधान्याच्या 'ए' वर ठेवला (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ ३२०० च्या मर्यादेत आपोआप बदलू दिला आणि एकच बटण खऱ्या अर्थाने शिकलो: एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी-जास्त करण्याचे. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. काळाराम मंदिराचा काळा पाषाण चौकटभर घेतला की त्याला वाटते, उजेड कमी आहे. तो फोटो उजळवतो आणि काळा दगड राखेसारखा फिका दिसतो. तिथे त्या बटणाने उणे एक करावे लागते. याच्या उलट, सकाळच्या धुक्यातला गोदाकाठ किंवा पांढऱ्या टोप्यांची दिंडी समोर असली, तर तो सगळे करडे करून टाकतो आणि अधिक एकच्या आसपास जावे लागते. ही गोष्ट एकदा अंगवळणी पडली की निम्मे फोटो सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

सरावासाठी मला पांडवलेणी सर्वांत मानवली. त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगाला ही लेणी असल्यामुळे आत थेट ऊन फारसे येत नाही, बाहेरच्या आवारातून परावर्तित झालेला मऊ उजेड येतो, आणि लेणे क्रमांक ३ च्या ओसरीचा भार पेलणाऱ्या सहा मूर्तींची खोली त्यात सुरेख उमटते. मूर्ती हलत नाहीत, त्यामुळे एकाच जागेवरून दहा वेळा चुकता येते. पायऱ्या चढून गेलेल्या माणसाला घाईही नसते.

माणसांचे फोटो हा वेगळाच धडा. रामकुंडावर कोणी स्नानाला आलेले असते, कोणी अस्थी घेऊन आलेले असते. छोटा कॅमेरा कोणाच्या डोळ्यांत येत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. दशक्रिया चालू असेल तिकडे मी लेन्स वळवत नाही आणि एरवी विचारून घेतो. पायऱ्यांवर द्रोण आणि फुले विकणाऱ्या मावशींना असेच विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "काढ की भाऊ, पण फोटो हातात आणून दे. सगळे काढून नेतात, देत कोणीच नाही."

मी ४ गुणिले ६ इंची प्रिंट काढून आणली. एवढ्या प्रिंटला जेमतेम २० लाख पिक्सेल लागतात आणि माझा कॅमेरा २ कोटी देतो, हे त्या दिवशी लॅबमध्ये बसून मी हिशेब करून पाहिले आणि खोक्यावरच्या मेगापिक्सेलचे कौतुक तिथेच संपले. मावशींनी प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"फुलं चांगली आलीत," त्या म्हणाल्या. "माझं तोंड काळं आलंय."

खरेच होते. त्यांच्या मागे उगवतीचे आकाश होते, मीटर त्याला भुलला होता, आणि अधिक एकचा धडा वर्षभर गिरवूनही त्या क्षणी मी बटणाला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, आधी बटण फिरवले, त्यांना जरा पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितले. "आता गिऱ्हाइकाकडे पाठ झाली," त्या कुरकुरल्या, पण बसल्या.