गोळ्याला ग्रीस

डिसेंबरातली गोष्ट. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि दुकानासमोर तीन ट्रॉल्या कामाला उभ्या होत्या. एकीचा दांडा वाकलेला, दुसरीचं बेअरिंग गेलेलं, तिसरीचं फाळकं तुटलेलं. चाळीसगावातून धुळ्याकडे निघालं की रस्त्याला लागून माझं वर्कशॉप आहे. अकराच्या सुमाराला समोर एक मोठी गाडी थांबली आणि तिच्यामागे पांढरं, खिडक्या-पडद्यांचं, चाकावरचं घर. आमच्या पोऱ्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "हाई काय शे भाऊ?"

कॅरव्हॅन. मीही इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो.

पुण्याचे काका-काकू, दोघेही साठीच्या पुढचे. वेरूळ करून कन्नड घाट उतरून आले होते. पुढे धुळे, शिरपूर आणि मग महेश्वर असा बेत. तक्रार एकच होती. घाटात प्रत्येक वळणाला मागून 'कर्रर्र' असा आवाज येत होता. काकू म्हणाल्या, "जुन्या वाड्याचं दार उघडावं तसा. माझा तर जीवच घाबरला."

कॅरव्हॅन सोडवली आणि जोड पाहिला. गाडीच्या मागे वर वळलेला दांडा, त्याच्या टोकाला मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा. कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्याला लोखंडी वाटी, ती गोळ्यावर बसते आणि खालून पकडते. गोळा पावसाळाभर उघडाच राहिलेला होता. तांबूस गंज, त्यावर घाटातली धूळ, आणि एका बाजूला कंपनीच्या काळ्या रंगाचा पापुद्रा अजून चिकटलेला.

आता माझा हात कुठे गेला असेल ते या धंद्यातल्या कोणालाही कळेल. वडील बैलगाड्यांची कामं करायचे. आसाला वंगण नसलेली गाडी दारात आली की गाडीवानाला आधी बोलणी खावी लागत. मी चोवीस वर्षं ट्रॉल्या बांधतोय. ट्रॅक्टरच्या हुकात फिरणारं कडं, पिन, चाकाचा हब, आवाज आला की ग्रीस. कॉटन वेस्टने गोळा पुसला, बोटभर ग्रीस चोपडलं, वाटी बसवली, लिव्हर दाबली. पोऱ्याला गाडी हलवायला लावली. आवाज बंद. काकांनी पैसे काढले, मी घेतले नाहीत. पाहुण्यांकडून एवढ्याशा कामाचे काय घ्यायचे.

पाऊण तासाने फोन आला. काकांचा आवाज कापत होता. मेहुणबाऱ्याजवळ गिरणेचा पूल ओलांडल्यावर रस्ता सरळ मिळाला म्हणून त्यांनी वेग सत्तरपर्यंत नेला. समोरून एक भरधाव ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याचा झोत लागला आणि कॅरव्हॅनने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग प्रत्येक हेलकाव्याला जास्त. मागचं घर पुढच्या गाडीलाच हलवू लागलं. काकांनी दोन गोष्टी बरोबर केल्या, म्हणून आज हे लिहितोय. ब्रेकवर पाय आपटला नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवलं नाही. ॲक्सिलरेटर सोडला, चाक सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तसं हलणं थांबलं. गाडी एका ढाब्यावर उभी होती.

मी मोटरसायकलला किक मारली. वाटेत डोकं एकच विचारत होतं, मी काय केलं?

ढाब्यावर पोचलो तेव्हा काका गाडीतलं माहितीपुस्तक उघडून बसले होते. इंग्रजीतलं वाक्य त्यांनी मला मराठीत सांगितलं. या जोडाच्या गोळ्याला तेल, ग्रीस, रंग काहीही लागता कामा नये. मी वाटी उलटी करून आत पाहिलं आणि पोटात गोळा आला. आत दोन्ही बाजूंना लायनर होते, म्हणजे घासून पकड धरणाऱ्या पट्ट्या, ब्रेकला असतात तशाच. मोठी लिव्हर दाबली की हे लायनर गोळ्याला आवळून धरतात. कॅरव्हॅन डुलायला लागली की हे लायनरच घासून तो डोल मारतात. म्हणजे मी ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीस लावून माणसं हायवेवर पाठवली होती.

काकांना तिथेच सांगितलं, "चूक माझी आहे." ते काही बोलले नाहीत. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

साध्या वाटीचे जोड असतात, त्यात लायनर नसतात. तिथे गोळ्याला ग्रीस लागतंच, नाहीतर लोखंड लोखंडाला खातं. नवख्याला बाहेरून दोन्ही सारखेच वाटतात. पण ज्यात लायनर आहेत त्याचा गोळा कोरडाठाक, नागवा आणि चकचकीत हवा. नवीन गोळ्यावरचा रंगसुद्धा घासून काढायचा, नाहीतर तो रंग लायनरवर चढतो. घाटातला आवाज त्याच रंगाचा आणि गंजाचा होता.

तीसच्या वेगाने गाडी परत दुकानात आणली. ग्रीस नुसतं वरवर लागलं असतं तर लायनर पॉलिश पेपरने घासून चालले असते. पण बोटाने दाबलं की तेल वर येत होतं. असे लायनर फेकायचेच. काकांनी पुण्याला फोन लावला, नवा जोड ट्रॅव्हल्सच्या पार्सलने निघणार होता. यायला तीन दिवस. ते तीन दिवस काका-काकू आमच्याच आवारात, ट्रॉल्यांच्या शेजारी, आपल्या घरात राहिले. बायकोने पहिल्याच रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली.

गोळा मात्र मी त्याच संध्याकाळी हातात घेतला. आधी थिनरने ग्रीस उतरवलं. मग १२० नंबरचा एमरी पेपर पट्टीसारखा कापून, बूट चमकवायला फडकं ओढतात तसा गोळ्याभोवती ओढत राहिलो. गंज निघाला, रंगाचा पापुद्रा निघाला, खाली गंजाने टोचलेले बारीक खड्डे दिसले. २४० नंबरने पुन्हा फिरवला. शेवटी ब्रेक क्लीनर मारून पांढऱ्या चिंधीने पुसला. पहिली चिंधी काळी, दुसरी करडी, तिसरीवर तांबूस डाग. पाचवी पांढरीच राहिली तेव्हा थांबलो. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरला तर त्याचा थर मागे उरतो, म्हणून हे शेवटचं पुसणं सोडायचं नाही.

मग जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. नवा गोळा ५० मिलिमीटरचा असतो, ४९ च्या खाली गेला की बदलायचा. आडवं माप ४९.८ आलं, पुढून-मागून ४९.६. ओढ पुढून-मागून असते, तिथेच तो जास्त झिजतो. म्हणून एकाच जागी मापून भागत नाही.

तरीही मनाचं समाधान होईना. ग्रीसने पकड गेली, पण मुळात डोल सुरू का झाला? काकांना विचारलं, मागे काय भरलंय? वेरूळला पाण्याचे चार मोठे कॅन भरले होते, तेही एकदम मागच्या टोकाला. शेजारच्या व्यापाऱ्याचा धान्याचा काटा आणला, वाटीखाली गोळ्याच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा धरला आणि पुढच्या दांड्याचं वजन घेतलं. अडतीस किलो. कॅरव्हॅन भरून अकराशेच्या आसपास. सहा-सात टक्के वजन गोळ्यावर यायला हवं. कॅन उचलून आसाच्या वर आणले, काटा सत्तरवर गेला. डोलाला सुरुवात त्या कॅनने केली आणि आवरणारा हात मी काढून घेतला होता.

काकूंनी विचारलं, पुन्हा गंजू नये म्हणून काय करायचं? उन्हाळ्यात आमच्याकडे लोखंड फारसं गंजत नाही, पाऊस आणि दव हे त्याचे वैरी. गाडी कॅरव्हॅनशिवाय फिरेल तेव्हा टोपी घाला, पण ओल्या गोळ्यावर टोपी घातली की आत वाफ धरते आणि गंज दुप्पट. आधी पुसा, मग झाका. पावसाळाभर उभी ठेवायची तर व्हॅसलिनचा हलका हात द्या, आणि जोडण्याआधी पांढरी चिंधी पांढरी राहीपर्यंत काढा. दुसऱ्या दिवशी काकूंनी नातवाचा टेनिसचा चेंडू काढला, सुरीने चीर पाडली आणि गोळ्यावर चढवला. घट्ट बसला.

चौथ्या दिवशी पहाटे पार्सल आलं. जोड बसवला, लिव्हर दाबताना तिचा जोर हाताला जाणवला. मेहुणबाऱ्यापर्यंत मी मागून मोटरसायकलवर गेलो. पूल ओलांडून ते पुढे निघाले आणि मी तिथेच उभा राहिलो, पांढरं घर रस्त्याच्या टोकाला दिसेनासं होईपर्यंत.

दुपारी शिरपूरहून फोन आला. "सत्तरवर गाडी सरळ आहे. आवाज मात्र थोडा येतोय हो."

"येऊ द्या काका," म्हटलं. "नवे लायनर बसेपर्यंत येईल. फक्त कोणाला ग्रीस लावू देऊ नका."