सायकलवाला म्हणतो, ‘काय नाय झालं, जावा तुम्ही’

गाडीचा धक्का लागून सायकलवरचा माणूस बेशुद्ध पडला, रक्त वाहू लागलं, तर थांबायचं आणि अॅम्ब्युलन्स बोलवायची हे सगळ्यांना कळतं. घोटाळा होतो तो याच्या उलट प्रसंगात. माणूस पडतो, लगेच उठतो, पँट झटकतो, सायकल उभी करतो आणि म्हणतो, ‘काय नाय झालं, जावा तुम्ही.’ गाडीवाल्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो निघून जातो. रात्री त्या माणसाच्या पोटात दुखायला लागतं, घरचे सिव्हिलला नेतात, तिथे एमएलसी होते, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी नोंद. कुणीतरी गाडीचा नंबर टिपून ठेवलेला असतोच. आता पोलिसांच्या कागदावर हा गाडीवाला अपघात करून पळालेला असतो, आणि ‘तोच म्हणाला जावा’ हे सांगून काही उपयोग होत नाही.

आपल्याकडे सोलापुरात असं उत्तर मिळण्याला कारण आहे. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे कितीतरी कामगार आजही सायकलवर असतात. पाळीला उशीर झाला की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. दवाखान्यात दोन तास घालवण्यापेक्षा लंगडत कामावर जाणं त्याला स्वस्त वाटतं. शिवाय पडल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं शरीर भीतीच्या जोरावर चालतं, दुखणं तेव्हा कळतच नाही. म्हणून त्याच्या ‘काय नाय’वर विसंबू नका.

आधी गाडीचं. जिथे आहात तिथेच थांबा, हँडब्रेक लावा, चारही इंडिकेटर चालू करा, इंजिन बंद करा. माणूस रस्त्यावर पडलेला असेल तर गाडी मागेपुढे घेऊ नका. तुमचीच गाडी मागून येणाऱ्यांना अडवते आणि तीच त्याची आड असते. पुणे-हैदराबाद किंवा विजापूर महामार्गावर असाल तर लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास मीटरवर ठेवा. डिकीतून काढून गाडीला टेकवून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग शून्य. १०८ ही अॅम्ब्युलन्स मोफत आहे. ११२ वर पोलीस मिळतात, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो. फोनवर ‘आसरा चौकाजवळ’ एवढं सांगून भागत नाही. चौकातून कोणत्या दिशेला, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, जवळचं दुकान किंवा पंप कोणता, जखमी किती आणि शुद्धीत आहेत का, हे सांगा.

माणूस उठला नसेल तर त्याला ओढून बसवू नका. आपल्याकडे जमलेल्या गर्दीचं पहिलं काम म्हणजे बखोटीला धरून उभं करणं आणि दुसरं म्हणजे पाणी पाजणं. दोन्ही थांबवा. मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या ओढण्याने कायमचं अपंगत्व येऊ शकतं. शुद्ध अर्धवट असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं, आणि ऑपरेशन करायची वेळ आली तर भरलेलं पोट भूल देताना अडचणीचं ठरतं. गुडघ्यांवर बसा, दोन्ही तळव्यांनी डोकं आहे तसं स्थिर धरा आणि बोलत राहा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबा. दर मिनिटाला उचलून बघू नका, धरलेली गुठळी त्याने सुटते.

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचं डांबर पायात चप्पल असतानाही जाणवतं. त्यावर दहा मिनिटं पडलेल्या माणसाची पाठ भाजते. गाडीत सोलापुरी चादर असतेच. चौघांनी चादर वर धरली तर सावली होते. खाली काही घालायलाच हवं असेल तर एकाने डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदा, कंबर आणि पाय एकाच वेळी वळवून त्याला कुशीवर घ्यायचं, चादर सरकवायची आणि परत सरळ करायचं. मान आणि पाठ एका रेषेत राहिली पाहिजे, अर्धं अंग आधी आणि अर्धं नंतर असं नको.

आता तो उठलेला माणूस. त्याला सावलीत बसवा आणि पंधरा-वीस मिनिटं बसवूनच ठेवा. नाव, आज वार कोणता, कुठे निघाला होता, हे विचारा. पूर्व भागात तेलुगू, दक्षिणेकडच्या गावांतून आलेल्याकडून कन्नड उत्तर येईल. गर्दीत ती भाषा येणारा कुणीतरी असतोच, त्याला मध्ये घ्या, कारण तुमच्या मराठीला दिलेली नुसती मानडोल म्हणजे उत्तर नव्हे. एकच प्रश्न परत परत विचारत असेल, पडला ते आठवत नसेल, उलटी झाली असेल, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं येत असेल, तर त्याचं काही ऐकू नका, दवाखानाच. डोक्याच्या काही दुखापतींत माणूस आधी अगदी ठीक असतो, आत रक्त साठत जातं आणि काही तासांनी तो झोपेसारखा गुंगीत जातो. घरचे म्हणतात, दमून झोपलाय.

सायकलच्या अपघाताची खास दुखापत म्हणजे हँडलचा पोटात बसलेला मार. पडताना पुढचं चाक आडवं वळतं आणि हँडलचं टोक सरळ पोटात घुसतं. जुन्या काळ्या सायकलींवर रबरी मुठी झिजून गेलेल्या असतात, म्हणजे टोकाला नुसती लोखंडी नळी. बाहेर रुपयाएवढी गोल लाल खूण दिसते, कधी तीही दिसत नाही. आत प्लीहा, यकृत किंवा आतडं फाटलेलं असू शकतं, आणि ते उमगायला काही तास, आतड्याच्या बाबतीत एखादा दिवसही जातो. शर्ट वर करून पोट बघू द्या म्हणायला लाजू नका. पोट कडक लागणं, चक्कर, घाम, आणि खांद्याला मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, ही लक्षणं डॉक्टरांना आवर्जून सांगायची. शाळकरी मुलांत हे जास्त दिसतं, आणि मुलं घरी ओरडा बसेल म्हणून पडल्याचं लपवतात. मूल असेल तर पालकांशी फोनवर बोलल्याशिवाय तिथून हलू नका. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून देण्याचा चांगुलपणा करू नका, ती हीच लक्षणं झाकते.

हातावर पडलेल्याचं गळपट्टीचं हाड किंवा मनगट जातं. मनगटात अंगठ्याच्या बाजूला खळगीत दाबून दुखत असेल तर तिथल्या छोट्या हाडाला तडा असू शकतो. पहिल्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. मागावर धागा जोडणाऱ्याच्या दृष्टीने हे हाड न जुळणं म्हणजे पोटावर पाय. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून हात झटकणाऱ्या गाडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

एवढं करूनही तो दवाखान्यात यायला नाही म्हणाला, तर जबरदस्ती करता येत नाही. मग त्याचा नंबर घेऊन तिथल्या तिथे मिस्ड कॉल द्या. त्याला कागदावर तुमचं नाव, नंबर, गाडीचा क्रमांक आणि विमा पॉलिसीचा नंबर लिहून द्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. आजच्या बुडालेल्या रोजाचं मी बघतो म्हटलं की बऱ्याच जणांचा नकार मावळतो, हा साधा हिशेब आहे. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा.

आणि पोलिसात जा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ मध्ये चालकावर तीन कामं टाकली आहेत: जखमीला वैद्यकीय मदत, पोलिसांना माहिती, विमा कंपनीला लेखी कळवणं. पोलीस जागेवर नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांत जायचं. माणसाला खरचटलंही नाही, नुसती सायकल मोडली, तरी हे कलम लागू होतं, कारण त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. न पाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फौजदार चावडी की सदर बझार, विजापूर नाका की सलगर वस्ती, हद्दीच्या घोळात दिवस घालवू नका. जवळच्या ठाण्यात जा, तुम्ही आल्याची नोंद करून घ्या आणि तिची तारीख-वेळ टिपून ठेवा. पळून गेला नाही याचा तुमच्याकडचा पुरावा तोच.

जमाव अंगावर येत असेल तर? जमावाच्या रागामुळे जखमीला नेणं शक्य नसेल तर कायद्यानेच त्यातून सूट दिली आहे. पण सूट दवाखान्यात नेण्यापुरती आहे, पोलिसांना कळवण्यातून नाही. थेट ठाण्यात जायचं, वाटेतच १०८ ला फोन. घरी जाऊन मेव्हण्याला विचारायचं नाही.

फोटो काढायचे ते मदतीची सोय लागल्यावर. चारही बाजूंनी लांबून, मग जवळून: ब्रेकच्या खुणा, काचा, सायकल कशी पडली, तुमच्या गाडीवर धक्क्याची जागा, आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे. रस्ता मोकळा करावाच लागला तर विटेच्या तुकड्याने आधी चाकांच्या जागा आखा. डॅशकॅम असेल तर फाइल लॉक करा, नाहीतर तो स्वतःवरच नवीन लिहितो. दुकानातलं फुटेजही काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते पोलिसांना लगेच सांगा. गाडी धुऊ नका, बंपर बदलू नका, तपासणी व्हायची असते. नवी पेठेसारख्या गर्दीच्या ठिकाणी उभ्या गाडीचं दार उघडून सायकलवाल्याला पाडणं हाही अपघातच, ‘माझी गाडी तर उभी होती’ ही सबब चालत नाही.

चालवत होता मुलगा आणि ठाण्यात उभा केला ड्रायव्हर, हा उद्योग करू नका. मोबाइलचं लोकेशन, कॅमेरे आणि जखमीचा जबाब यांच्यापुढे तो टिकत नाही. मग अपघाताच्या कलमांवर खोट्या पुराव्याची कलमं चढतात आणि विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. औषधं, तपासण्या, रिक्षाभाडं द्या आणि पावत्या जपा. पण ‘इतके रुपये मिळाले, आता काही तक्रार नाही’ असा कागद चहाच्या टपरीवर करून घेऊ नका. तेवढ्याने गुन्हा आपोआप संपत नाही. शिवाय विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाई ठरवायची नाही, अशी अट पॉलिसीत असते. सायकलवाला मध्येच आडवा आला, दिवा नव्हता, हे खरं असलं तरी गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख रुपये चूक कुणाची हे न बघता मागता येतात, मोटार वाहन कायद्याच्याच कलम १६४ खाली. याशिवाय २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस मिळतात. त्यासाठी अपघात झाल्याची खात्री पोलिसांकडून व्हावी लागते, म्हणजे तुम्ही ठाणं टाळलंत तर त्याचे उपचारही अडकू शकतात.

विमा कंपनीला द्यायच्या पत्रात पॉलिसीचा नंबर व मुदत, अपघाताची तारीख-वेळ-जागा, जखमीचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील, एवढंच. निबंध नको.

राहिली सायकल. ती त्याला चालवत नेऊ देऊ नका. समोरून धक्का बसला असेल तर चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मागे दबलेला असतो: बाजूने बघा, पुढचं चाक फ्रेमच्या खालच्या नळीजवळ सरकलेलं दिसेल, पेडल मारताना पाय मडगार्डला लागेल. हँडलखालच्या सांध्याच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीवर रंगाला सुरकुती किंवा बारीक चीर आहे का, बोट फिरवून बघा. चीर असेल तर फ्रेम गेली. वेल्डिंग करून दिलेली सायकल पुन्हा तिथेच तुटते, आणि तीही चालू असताना. चाकाचा आउट काढता येतो, आरे बदलता येतात, पण वाकलेला चिमटा ठोकून सरळ करणाऱ्या मिस्त्रीला नको म्हणा, नवा बसवायला सांगा. बिल तुमच्या नावावर नाही, त्याच्या नावावर करा, आणि काढलेला जुना चिमटा विम्याचं काम होईपर्यंत टाकू नका.