लिंका विकत घेतल्या होत्या, त्या परत करताना

ती मेल आली तेव्हा मी स्वारगेटला देवगडच्या गाडीची वाट बघत होते. गूगल सर्च कन्सोलकडून आलेली, म्हणजे साइटच्या मालकाला आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनाकडून. तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंकांमुळे मॅन्युअल ॲक्शन लागू केली आहे, असं त्यात होतं. तारीख होती 11 फेब्रुवारी. हापूसच्या धंद्यात ही तारीख कसली, हे बागायतदाराच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या पेट्या निघायला जेमतेम महिना उरलेला असतो आणि लोकांनी भाव शोधायला सुरुवात केलेली असते.

ही साइट गूगलच्या शोधात वर आणायचं काम मी डिसेंबरात हाती घेतलं होतं. देवगडचे एक काका, त्यांची चारशेच्या आसपास कलमं, आणि साइटवरून थेट घरपोच पेट्या. त्याआधी दोन वर्षं साइट एका एजन्सीकडे होती. दर महिन्याला 8,000 रुपये आणि त्यात 200 बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका, असं पॅकेज होतं. रिपोर्ट वेळेवर यायचे, आकडे वाढत असायचे, त्यामुळे काकांना शंका यायचं कारणच नव्हतं. माझीही चूक होती. काम घेताना मी साइटचा वेग, पानांची रचना, कीवर्ड सगळं तपासलं आणि लिंकांच्या रिपोर्टवर फक्त नजर फिरवली.

साइट खाली घसरली की आपल्याकडे सरसकट 'पेनल्टी बसली' म्हणतात. बहुतेक वेळा ते तसं नसतं. क्रमवारीचं गणित बदलतं, दुसरा कोणी पुढे जातो. 24 एप्रिल 2012 ला पेंग्विन, म्हणजे अशा लिंका पकडणारा गूगलच्या गणितातला बदल, आलं तेव्हा विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट धडाधड कोसळल्या होत्या. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन मूळ गणिताचाच भाग आहे आणि अशा लिंका ते बहुतेक करून मोजतच नाही, सोडून देतं. मॅन्युअल ॲक्शन म्हणजे मात्र माणसाने बघून दिलेला निर्णय. तो सर्च कन्सोलमध्ये लेखी दिसतो, आणि तो हटवायला रिकन्सिडरेशन रिक्वेस्ट, म्हणजे पुन्हा तपासा अशी विनंती, पाठवावी लागते. म्हणून पहिलं काम एकच: मेनूतलं 'सुरक्षा आणि मॅन्युअल ॲक्शन' उघडून खरंच काही लिहिलंय का ते बघणं. तिथे काही नसेल तर पुढचं काहीही करू नका. एखाद्या टूलमध्ये लिंकांचा 'टॉक्सिक स्कोअर' लाल दिसला म्हणून डिसअव्हाऊ फाइल, म्हणजे या लिंका धरू नका असं गूगलला सांगणारी यादी, चढवणारे मी खूप बघितलेत, आणि त्यात चांगल्या लिंकाही जातात.

आमच्याकडे लिहिलेलं होतं. अख्ख्या साइटसाठी.

त्या रात्री काकांच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि लिंकांची यादी उतरवून घेतली. 437 डोमेन, म्हणजे तितक्या वेगवेगळ्या साइट. मी एकेक उघडायला लागले, काका शेजारी खुर्ची ओढून बसले. एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. साइट दातांच्या आरोग्याची, लेख घरच्या घरी करायच्या व्यायामाचा. तिसऱ्या परिच्छेदात, पाठ ताठ ठेवा असं सांगता सांगता, मध्येच निळ्या अक्षरात 'बाय देवगड अल्फान्सो ऑनलाइन'. वाक्याला पुढचा-मागचा काही संबंध नाही. तेच चार शब्द दुसऱ्या साइटवर क्रिकेटच्या बातमीत, तिसरीकडे कर्जाच्या लेखात. दीडशेहून जास्त ठिकाणी अँकर टेक्स्ट, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते ते, अक्षरशः तेच. खऱ्या माणसांनी दिलेल्या लिंका अशा नसतात. कोणी बागेचं नाव लिहितं, कोणी 'इथून मागवले' एवढंच.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाये, ही माणसां कोण? ह्येंनी आमचो आंबो कधी खाल्ल्यानी?"

लिंक म्हणजे काय, हे इतक्या वर्षांत मी कितीतरी क्लायंटना समजावलं असेल. लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी स्टॅनफर्डला असताना, 1998 मध्ये, पेजरँक मांडला तो याच विचारावर: एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर ती शिफारस, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी ती मोठी. काकांच्या प्रश्नात ते सगळं होतं. आंबा न खाल्लेल्या 400 माणसांच्या सह्या आपण गोळा केल्या होत्या.

पुढचे पंधरा दिवस तक्त्यात गेले. डोमेन, नेमकं पान, अँकर, लिंक कशी आली, संपर्क कुठे सापडला, पहिली मेल कधी, दुसरी कधी, उत्तर काय. हा तक्ता नीट ठेवला नाही तर नंतर रिक्वेस्टमध्ये दाखवायला हातात काही राहत नाही. मेल दोन ओळींची ठेवली: अमुक पानावरची ही लिंक आमच्या वतीने पैसे देऊन लावली होती, ती काढा किंवा तिला नोफॉलो करा, म्हणजे ही शिफारस धरू नका अशी गूगलसाठी खूण लावा. 52 जणांनी काढली. बहुतेकांकडून उत्तरच नाही. नऊ जणांनी लिंक काढायचे पैसे मागितले. मी दिले नाहीत आणि तसं तक्त्यात लिहून ठेवलं.

डिसअव्हाऊचं साधन ऑक्टोबर 2012 पासून आहे, पण सर्च कन्सोलच्या नेहमीच्या मेनूत दिसत नाही, वेगळं उघडावं लागतं. इथे माझा अख्खा दिवस गेला, म्हणून सांगते. आमची साइट सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन प्रॉपर्टी' म्हणून, म्हणजे नुसत्या डोमेनच्या नावाने, नोंदवलेली होती आणि हे साधन तशी प्रॉपर्टी घेत नाही. पूर्ण पत्ता देऊन वेगळी प्रॉपर्टी जोडली, तेव्हा कुठे ती यादीत आली. फाइल साधी टेक्स्ट, एका ओळीत एक नोंद. एकेक पान देण्यापेक्षा 'डोमेन' लिहून, विसर्गासारखे दोन टिंब देऊन, पुढे साइटचं नाव द्यायचं, म्हणजे त्या साइटवरच्या सगळ्या लिंका त्यात येतात. नवीन फाइल चढवली की जुनी पुसली जाते, तेव्हा प्रत्येक वेळी पूर्ण यादी हवी.

2 मार्चला रिक्वेस्ट पाठवली. 19 मार्चला नाकारल्याचं उत्तर आलं.

उत्तरात नमुन्यादाखल तीन लिंका दिल्या होत्या. तिन्ही मी मुद्दाम वाचवलेल्या. यादीत साठेक गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर पाहुणे म्हणून छापलेले लेख, होत्या: प्रवास, स्वयंपाक, कोकण असे विषय, बऱ्या भाषेतले लेख, बऱ्या साइट. त्याही पैसे देऊनच लावलेल्या होत्या, जुन्या इन्व्हॉइसमध्ये रकमा दिसत होत्या. पण त्या काढल्या तर साइट आणखी खाली जाईल ही भीती वाटली. आपण लिंक 'चांगली' म्हणतो तेव्हा साइट किती वजनदार हे बघतो, आणि ती तिथे कशी गेली हा प्रश्न बाजूला ठेवतो. मीही तेच केलं होतं. त्या रात्री साठच्या साठ यादीत घातल्या. पुन्हा मेल, पुन्हा तक्ता. त्यांतल्या बऱ्याच जणांनी उत्तर दिलं आणि लिंकही काढली.

दुसरी रिक्वेस्ट 4 एप्रिलला. या वेळी तीनच गोष्टी लिहिल्या: नेमकं काय केलं गेलं होतं, आम्ही काय दुरुस्त केलं, आणि त्याचा परिणाम काय झाला. आधीच्या एजन्सीवर ढकललं नाही. पैसे साइटच्या नावाने गेले होते, तेव्हा जबाबदारी साइटचीच. तक्त्याची लिंक दिली, आणि पहिल्या वेळी साठ लिंका आम्हीच मागे ठेवल्या होत्या हेही लिहिलं.

23 एप्रिलला मॅन्युअल ॲक्शन उठली. तोवर अर्धा हंगाम गेला होता. काकांनी जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप करून पेट्या विकल्या, काकू रात्री अकरापर्यंत फोनवर ऑर्डरी लिहीत होत्या.

ॲक्शन उठली म्हणजे साइट जुन्या जागी येते, असं नाही. जुनी जागा त्या लिंकांच्या टेकूवर होती आणि टेकू आपण काढलेला असतो. आम्ही दुसऱ्या पानावर आलो आणि तिथेच राहिलो. नव्या लिंका कमवायच्या होत्या, आणि त्या कशाच्या जोरावर हे मला कळत नव्हतं.

ते सुचलं बागेत. मे महिन्यात एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, आंबा आतून पांढरा निघाला. काकांनी मला हाक मारली आणि सुरीने एक फळ उभं कापलं. बाहेरून निखळ केशरी, वासाला पक्का. आत कोयीला लागून फिकट, स्पंजासारखा, चव नसलेला गर. साका. काका अर्धा तास बोलत होते: बाहेरून ओळखता येत नाही, फळ झाडावर जास्त राहिलं आणि खालची जमीन तापली की वाढतो, म्हणून चौदा आणे तयार झालं की काढायचं, सकाळच्या गारव्यात, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट, आणि झाडाखाली सुक्या गवताचं आच्छादन ठेवायचं. मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं. कापलेल्या फळाचे फोटो काढले, चांगल्याचे आणि साक्याचे, शेजारी शेजारी.

आंबा विकणाऱ्या साइटवर खराब आंब्याचे फोटो लावायचे म्हटल्यावर काकू घाबरल्या. काका म्हणाले, लाव.

तो लेख आज आमच्या साइटचं सगळ्यात जास्त लिंका मिळालेलं पान आहे. कोणाला एक मेल करावी लागली नाही. शेतीच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पात दिली, आमरसाची कृती लिहिणाऱ्या एका बाईंनी 'आंबा पांढरा का निघतो' म्हणून दिली. त्याच धर्तीवर पुढचे दोन लेख केले. एक कॅल्शियम कार्बाइडचा: त्याने फळ पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायूला ठरलेल्या प्रमाणात परवानगी आहे, आणि घरी पेंढ्यात आढी कशी घालायची. दुसरा 2007 पासून अमेरिकेत आपला आंबा जाऊ लागला त्याचा: तिकडे जाणाऱ्या फळावर विकिरण का करतात, लासलगावच्या केंद्रात काय होतं. तिकडच्या एका महाराष्ट्र मंडळाने तो आपल्या पानावर जोडला. आम्ही अमेरिकेत विकत नाही, पण ती लिंक खरी आहे.

एका गोष्टीवर काकांशी मतभेद झाला. त्यांना वाटत होतं, खाण्यावर लिहिणाऱ्या दहा जणांना एकेक पेटी भेट पाठवावी, ते लिहितील. पाठवा, मी म्हटलं, पण लिंकच्या बदल्यात वस्तू दिली तर गूगलच्या लेखी तोही सौदाच. त्या लिंकेला 'स्पॉन्सर्ड', म्हणजे ही लिंक मोबदल्यातली आहे असं गूगलला सांगणारं लेबल, लावायला सांगावं लागेल. हे लेबल सप्टेंबर 2019 पासून आहे, आधी नोफॉलोवर भागवायचे. काकांना ते लागलं. भेट ती भेट, तिला कसलं लेबल, हा त्यांचा मुद्दा. शेवटी पाच पेट्या गेल्या, सोबत माझी चिठ्ठी: लिहायलाच हवं असं नाही, लिहिलंत तर आंबे भेट आलेत हे सांगा आणि लिंकेला हे लेबल लावा. तिघांनी लिहिलं. तिन्ही लिंका स्पॉन्सर्ड आहेत. त्यांनी क्रमवारीत काही मिळत नाही, पण त्यांतल्या एकीवरून या हंगामात 31 पेट्यांची ऑर्डर आली.

डिसअव्हाऊची फाइल अजून तशीच आहे. नवीन लिंकांचा रिपोर्ट मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काकांना फोनवर वाचून दाखवते, कोणी दिली आणि का दिली ते. गेल्या वेळी वाचून झाल्यावर ते म्हणाले, मोहोरावर तुडतुडा दिसायला लागलाय, ह्याचे फोटो हवे असतील तर लवकर ये, फवारणी झाली की दिसणार नाही. गुरुवारची गाडी पकडतेय.