पोर्ट उघडला, तरी सर्व्हर बंदच: माझा अनुभव

घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवताय आणि बाहेरच्यांना आत येता येत नाही? मग राउटरमध्ये तासन् तास डोकं घालण्याआधी एकच गोष्ट बघा: राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा एकच आहे का? मी हे चौथ्या रात्री बघितलं.

माइनक्राफ्टचा सर्व्हर सुरू केला, फायरवॉलमध्ये जावाला (सर्व्हर याच्यावरच चालतो) परवानगी दिली, राउटरवर २५५६५ हा टीसीपी पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे त्या क्रमांकावर बाहेरून येणारी जोडणी माझ्या कॉम्प्युटरकडे वळवली. दहा मिनिटांत झालं. शेजारच्या खोलीतून भाऊ १९२.१६८ वाल्या घरातल्या पत्त्यावर लगेच आत आला. बाहेरच्या मैत्रिणींना मात्र 'कनेक्शन टाइम्ड आउट'.

फॉरवर्डिंगचा नियम पुसून पुन्हा घातला. राउटर रीसेट केला. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर दर वेळी 'बंद'. तपासताना सर्व्हर चालू असावा लागतो, नाहीतर सगळं बरोबर असूनही पोर्ट बंदच दिसतो.

चौथ्या रात्री वॅन आयपी नीट वाचला, तो १००.७२ ने सुरू होत होता. साइटवर भलताच आकडा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. एका सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते, हेच सीजीनॅट. बाहेरून आलेली जोडणी कंपनीपाशीच अडते, आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग तिथले नियम कितीही अचूक असोत!

कंपनीला तीन फोन केले. तिन्ही वेळा 'राउटर बंद करून चालू करा'. या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं. चौथ्या फोनला मी सरळ म्हटलं, "माझं कनेक्शन सीजीनॅटवर आहे, मला सार्वजनिक आयपी हवाय." तक्रार त्याच दिवशी तांत्रिक विभागाकडे गेली. तुम्हीही हेच शब्द वापरा. कंपनी नाहीच म्हणाली, तर भाड्याच्या सर्व्हरवरून टनेल, म्हणजे तिथे आलेली जोडणी आपल्या कॉम्प्युटरपर्यंत आणणारी वाट, काढता येतो.

आणखी एक, माइनक्राफ्ट सर्व्हरच्या सेटिंगमधली 'सर्व्हर-आयपी' ही ओळ कोरीच ठेवा. तिथे सार्वजनिक आयपी घातला तर सर्व्हर सुरूच होत नाही. कॉम्प्युटरचा आतला पत्ताही राउटरमध्ये राखून ठेवा, तो बदलला की फॉरवर्डिंग तुटतं. घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून खात्री करू नका, बऱ्याच राउटरवर तो आतून चालत नाही. मोबाइल डेटावरून बघा.

तक्रार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी वॅन आयपी आणि साइटवरचा आकडा, दोन्ही जुळले. संध्याकाळी सर्व्हरच्या कन्सोलवर (त्याच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत) मैत्रिणीचं नाव उमटलं, पुढे 'जॉइन्ड द गेम'. मी खुर्चीतून उठून ओरडलेच.