एकच चेंडू, एकोणीस हंगाम : मारियानो रिव्हेरा

न्यूयॉर्कला यँकीज या बेसबॉल टीमची रात्रीची मॅच सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होते, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे चार पस्तीस झालेले असतात. म्हणजे नववी, शेवटची इनिंग येते सकाळी साडेसातच्या आसपास, जळगाव-भुसावळला लोक दुसरा चहा घेत असतात तेव्हा. 1997 ते 2013 या काळात यँकीजकडे त्या वेळी थोडी आघाडी असली, की बुलपेनचं, म्हणजे पुढचे पिचर हात गरम करतात त्या जागेचं, दार उघडायचं आणि 42 नंबरचा एक सडपातळ माणूस संथ पळत माउंडकडे, म्हणजे पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्याकडे, यायचा. चेंडू कोणता येणार हे दोन्ही टीमना माहीत असायचं. तरीही तो बॅटवर नीट बसायचा नाही.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी पोरं बरीच आहेत. पण पिचर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मॅच सुरू करणारा पिचर येतो. रिलीफला, म्हणजे मधेच त्याच्या जागी, येणारा म्हणजे राखीव, नंबर दोनचा, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि रिव्हेराची कारकीर्द नीट वाचली की का चुकीचा आहे ते कळतं.

क्रिकेटमध्ये कॅप्टन बॉलरला काढतो आणि शेवटच्या ओव्हरला परत आणतो. बेसबॉलमध्ये मॅचमधून बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. त्यामुळे पिचर बदलणं हा निर्णय एकदाच होतो, आणि शेवटचे तीन आउट काढणारा माणूस चुकला तर मागे बहुतेक वेळा कुणी उरलेलं नसतं. या शेवटच्या माणसाला क्लोजर म्हणतात. त्याच्या खात्यावर जमा होते ती सेव्ह. 1969 पासून हा आकडा अधिकृतपणे मोजला जातो. नियम असा: पिचरने जिंकणाऱ्या टीमसाठी मॅच संपवली पाहिजे, विजयाचं श्रेय त्याच्या नावावर नसलं पाहिजे, किमान एक आउट त्याच्या पिचिंगवर झाला पाहिजे, शिवाय पुढच्या तीनपैकी एक अट पूर्ण झाली पाहिजे. एक, आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नसताना येऊन त्याने पूर्ण एक इनिंग टाकली. दोन, तो आला तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर, बॅटिंगला किंवा पुढच्या नंबरवर तयार होता. तीन, त्याने निदान तीन इनिंग चांगल्या टाकल्या.

रिव्हेराच्या नावावर नियमित हंगामात 652 सेव्ह आहेत. हा विक्रम आहे. 19 सप्टेंबर 2011 रोजी मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध 602वी सेव्ह घेऊन त्याने ट्रेव्हर हॉफमनला मागे टाकलं. पण माझ्या मते हा आकडा त्याची खरी ओळख नाही. तीन रनांची आघाडी घेऊन एक इनिंग काढणं मोठ्या लीगमधल्या बऱ्याच पिचरांना जमतं. खरे आकडे वेगळे आहेत. 1,115 मॅच आणि 1,283 पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगमध्ये त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन (फिल्डिंगच्या चुकीने नव्हे, पिचरमुळे गेलेले), 2.21 आहे. हंगामानंतरच्या बाद फेरीत, जिथे समोर फक्त निवडक टीम असतात, तिथे 141 इनिंगमध्ये 0.70. म्हणजे एवढ्या इनिंगमध्ये फक्त 11 अर्न्ड रन. आणि हे सगळं एकाच टीमसाठी.

सुरुवात मात्र अशी नव्हती. पनामातलं पुएर्तो काइमितो हे मासेमारीचं गाव. वडील मासेमारीच्या बोटीवर कॅप्टन. पोरं दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा ग्लव्ह करून खेळायची. फेब्रुवारी 1990 मध्ये यँकीजने त्याला अगदी किरकोळ रकमेवर करारबद्ध केलं. 1992 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. त्याच वर्षी दोन नव्या टीमसाठी खेळाडू निवडायचे होते, यँकीजने त्याला राखून ठेवलं नव्हतं, आणि कुणीही त्याला उचललं नाही.

23 मे 1995 रोजी तो पहिल्यांदा मोठ्या लीगमध्ये उतरला, तोही मॅच सुरू करणारा पिचर म्हणून. चौथी इनिंगही पुरी झाली नाही आणि पाच रन गेले. त्या हंगामात त्याने 10 मॅच सुरू केल्या, ईआरए राहिला 5.51. का जमलं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. सुरू करणाऱ्या पिचरला नऊ बॅटरांची फळी दोनदा, तीनदा भेटते. पहिल्या फेरीत बॅटर वेग मोजतो, दुसऱ्या फेरीत चेंडू सुटण्याची जागा ओळखतो, तिसऱ्या फेरीत वाट बघून मारतो. त्यासाठी पिचरकडे किमान तीन भरवशाचे प्रकार लागतात. वेगवान, संथ आणि वळणारा. रिव्हेराकडे वेगवान सोडला तर बाकीचे कामचलाऊ होते. पण रिलीफ पिचरला बॅटर एका मॅचमध्ये एकदाच भेटतो. त्याला तीन प्रकार लागत नाहीत. एक लागतो, पण तो थकव्यात, दबावात, कुठल्याही बॅटरला, हव्या त्या जागी पडला पाहिजे. टीमने त्याची जागा बदलली आणि जो दोष होता तो दोष उरलाच नाही. 1996 मध्ये तो तेव्हाचा क्लोजर जॉन वेटलँडच्या आधी सातवी-आठवी इनिंग टाकायचा: 107 पूर्णांक दोन तृतीयांश इनिंग, 130 स्ट्राइक आउट, 2.09 ईआरए. पुढच्या वर्षी वेटलँड गेला आणि नववी इनिंग त्याच्याकडे आली.

कटर, म्हणजे शेवटी किंचित बाजूला सरकणारा वेगवान चेंडू, त्याला 1997 च्या जूनमध्ये सापडला. टीममधल्याच रामिरो मेंडोसाबरोबर साधी फेकाफेक करताना त्याचा सरळ चेंडू आपोआप वळायला लागला. आधी तो सरळ करण्याचा प्रयत्न झाला, मग नाद सोडला आणि तोच चेंडू हत्यार झाला.

पकड अशी. नेहमीच्या फोर-सीम, म्हणजे सरळ वेगवान चेंडूच्या, पकडीत पहिली दोन बोटं शिवणीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर आडवी बसतात आणि चेंडूच्या बरोबर मध्यावर असतात. कटरसाठी ती दोन्ही बोटं मध्यापासून किंचित बाहेर, उजव्या हाताच्या पिचरने स्वतःच्या उजव्या बाजूला सरकवायची. अंगठा खाली. दाब मधल्या बोटावर. बाकी हात, खांदा, मनगट सगळं सरळ चेंडूसारखंच. चेंडू सुटताना मधलं बोट सगळ्यात शेवटी सुटतं आणि फिरकीचा आस जरासा कलतो. एवढंच. त्यामुळे चेंडू वेग फारसा न गमावता पिचरच्या ग्लव्हच्या बाजूला काही इंच सरकतो. रिव्हेराचा कटर ताशी 145 ते 153 किलोमीटरच्या आसपास असायचा. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेट 60 फूट 6 इंच, म्हणजे बॅटरला मिळतात साधारण 0.4 सेकंद, आणि त्यातला मारायचं की नाही हे ठरवायचा वेळ निम्म्याहून कमी. स्लायडरला, म्हणजे जास्त वळणाऱ्या पण कमी वेगाच्या चेंडूला, हवेत एक लाल ठिपका दिसतो, त्यावरून बॅटर सावध होतो. याच्या कटरची फिरकी सरळ चेंडूसारखीच दिसायची. बॅट निघाल्यावर चेंडू सरकलेला कळायचा, तेव्हा उशीर झालेला असायचा.

डावखुऱ्या बॅटरला तो चेंडू आत येतो, बॅटच्या जाड भागाऐवजी मुठीजवळच्या बारीक भागावर लागतो. लाकडी बॅट तिथेच मोडते. 2013 मध्ये त्याच्या निवृत्तीच्या हंगामात ट्विन्सने त्याला मोडक्या बॅटींची खुर्ची बनवून दिली, ती उगाच नव्हे. दोन्ही हातांनी खेळणारे काही बॅटर, जे एरवी उजव्या पिचरसमोर डावखुरे उभे राहतात, ते याच्यासमोर उजवेच उभे राहायचे. आपल्या मैदानांवर एक फरक ध्यानात ठेवा. ॲल्युमिनियमची बॅट मोडत नाही, आणि मुठीजवळ लागलेला चेंडूही इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरांच्या, डोक्यावरून जाऊन पडतो. तिथे आत टाकलेला कटर तेवढा फळ देत नाही. उजव्या बॅटरला प्लेटच्या बाहेरच्या कडेवर टाकलेला जास्त कामाचा.

शिकताना पोरं हमखास चुकतात ती मनगटात. वळण दिसावं म्हणून चेंडू सुटताना मनगट पिळतात. मग तो कटर राहत नाही, अर्धवट स्लायडर होतो: वेग जातो, वळण आधीच दिसतं आणि ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. दुसरी चूक, बोटं फार बाहेर सरकवायची. मग चेंडू निसटतो आणि प्लेटच्या मधोमध उंच येतो. तिसरी, फक्त कटरच टाकत राहायचा. मग सरळ चेंडूचाही हात बिघडतो. जोवर फोर-सीम प्लेटच्या दोन्ही कडांवर सांगून टाकता येत नाही, तोवर कटरला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टबॉलच्या पोरींना आणि पोरांना ही पकड जशीच्या तशी उपयोगाची नाही. तिथे हात खालून फिरतो, सगळं गणितच निराळं.

त्याच्या अपयशाच्या दोन रात्री यशाइतक्याच शिकवतात. 2001 ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, अॅरिझोनाविरुद्ध सातवी मॅच, नववी इनिंग, यँकीज 2-1 पुढे. मार्क ग्रेसचा सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका. पुढच्याने बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडला, रिव्हेराने चेंडू उचलून सेकंड बेसला फेकला आणि तो भरकटला. एका आउटची संधी गेली, बेसवर दोन रनर झाले. पुढच्या बंटवर त्याने थर्ड बेसला आउट काढला, पण टोनी वोमॅकच्या डबलने, म्हणजे दोन बेसच्या फटक्याने, बरोबरी झाली. मग एक बॅटर अंगाला चेंडू लागून बेसवर. सगळे बेस भरलेले, रन अडवायला इनफिल्ड पुढे बोलावलेलं. लुइस गोन्सालेसला कटर आत गेला, हवा तिथेच गेला, बॅटच्या बारीक भागावर लागला, आणि चेंडू अलगद उडून पुढे आलेल्या शॉर्टस्टॉपच्या मागे पडला. इनफिल्ड नेहमीच्या जागी असतं तर तो सोपा झेल होता. पिचिंग बिघडलं नव्हतं. मॅच गेली ती त्या एका फेकीपासून. म्हणून रिलीफ पिचरला बंट उचलून बेसला फेकण्याचा सराव पिचिंगइतकाच द्यावा लागतो. आपल्याकडे तो जवळपास कुणी देत नाही.

दुसरी रात्र 2004 ची, बॉस्टनविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेतली चौथी मॅच. यँकीज मालिकेत 3-0 पुढे, मॅचमध्ये 4-3 पुढे. नववीत पहिल्याच बॅटरला, केव्हिन मिलारला, वॉक, म्हणजे चार चुकीचे चेंडू पडल्याने फुकट फर्स्ट बेस. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला. रिव्हेराने फर्स्टला तीनदा चेंडू फेकून त्याला दाबून धरलं, तरी पुढच्या पिचवर, म्हणजे बॅटरला टाकलेल्या पुढच्याच चेंडूवर, रॉबर्ट्सने पळत सेकंड बेस चोरला, आणि बिल म्यूलरच्या सिंगलवर बरोबरी झाली. बॉस्टनने मॅच बाराव्या इनिंगमध्ये घेतली आणि मालिकाही फिरवली. शेवटच्या इनिंगचा पहिला बॅटर चालत बेसवर गेला, की एवढं सगळं घडू शकतं.

याच्या उलट 2003 ची बॉस्टनविरुद्धच्या बाद फेरीतली सातवी मॅच: नववी, दहावी, अकरावी अशा तीन इनिंग त्याने एकही रन न देता टाकल्या आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 652 च्या आकड्यात ही मॅच येत नाही, कारण तो आकडा फक्त नियमित हंगामाचा आहे. शिवाय तो आला तेव्हा मॅच बरोबरीत होती, त्यामुळे सेव्ह मिळणारच नव्हती.

3 मे 2012 ला कॅन्सस सिटीत बॅटिंगच्या सरावात उंच चेंडू पकडताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वय 42. पुढच्या हंगामात परत येऊन 44 सेव्ह आणि 2.11 ईआरए. 26 सप्टेंबर 2013 ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचमध्ये टीम मागे होती, सेव्हचा प्रश्नच नव्हता. त्याने चार बॅटर आउट केले आणि त्याला माउंडवरून न्यायला त्याचे जुने साथीदार डेरेक जीटर आणि अँडी पेटिट आले. मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा 42 नंबर 1997 मध्ये सगळ्या लीगने निवृत्त केला होता, आधीपासून तो घालणाऱ्यांना मुभा होती, त्यांतला हा शेवटचा. 2019 मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीच्या, मतदानात 425 पैकी 425 मतं मिळाली. एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच.

आता आपल्या मैदानाचं. माउंड 10 इंच उंच असतो, आणि पिचरच्या पट्टीपुढे 6 इंचांवरून दर फुटाला एक इंच उतरतो. आपली काळी माती उन्हात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. नुसत्या तिचा माउंड टिकत नाही. खाली मुरूम दाबून वर चिकण मातीचा थर ओला करून ठोकावा लागतो. पुढचा पाय पडतो तिथे खड्डा झाला की पाऊल लांबतं, चेंडू सुटायची जागा बदलते आणि सगळे पिच उंच जायला लागतात. पोरगं थकलंय असं वाटतं, पण दोष खड्ड्याचा असतो. रिलीफ पिचर तर आधीच्या पिचरने केलेल्या खड्ड्यात उतरतो. त्याने आधी पायाने तो भरून घ्यावा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की बोटं घामाने घसरतात, आणि कटर तर मधल्या बोटावरच चालतो. राळेची पिशवी हाताला लावायला नियमात परवानगी आहे. चेंडूला लावायला नाही.

विश्रांतीचे अमेरिकेतले मार्गदर्शक आकडे 15-16 वर्षांच्या मुलांसाठी असे: 30 पिचपर्यंत दुसऱ्या दिवशी टाकलं तरी चालतं, 31 ते 45 ला एक दिवस, 46 ते 60 ला दोन, 61 ते 75 ला तीन, त्यापुढे चार दिवस, आणि एका दिवसात 95 च्या वर नाहीच. तीन दिवसांत संपणाऱ्या आंतरशालेय स्पर्धेत एकाच पोराला रोज उतरवलं जातं, तिथे हे आकडे कागदावर लिहून डगआउटमध्ये लावावेत. दोन रिलीफ पिचर तयार असतील तरच ते पाळता येतात.

आणि स्कोअरबुकात एक रकाना वाढवा: रिलीफ पिचर आला त्या क्षणी बेसवर किती रनर होते आणि त्यांतले किती घरी आले. हे रन आधीच्या पिचरच्या नावावर चढतात, त्यामुळे नव्या पिचरचा ईआरए स्वच्छ दिसतो आणि निवड करताना फसगत होते. दोन रनर बेसवर असताना येऊन ज्याने दोघांनाही अडकवून ठेवलं, तो पोरगा ओळखायला हा एवढा रकाना पुरतो.